व्हिएन्नाहून हेलसिंकी किती

“कारखानीस, इथनं हेलसिंकी किती?”

मोहोळकर काकांनी हे विचारलं तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि मी व्हिएन्नातल्या एका हॉटेलच्या रिसेप्शनवर फोन कानाला लावून उभा होतो. टिळेकर वकिलांची बॅग प्रागलाच राहिली की बसच्या पोटात आहे, याचा शोध चालू होता. टिळेकर माझ्या डोक्यावर उभे होते. पलीकडे नाश्त्याच्या हॉलमध्ये आमच्या बत्तीस माणसांनी पावाच्या टोपल्या साफ केल्या होत्या, आणि कुणीतरी लसणाच्या चटणीचा डबा उघडल्यामुळे वाढणारी मुलगी केविलवाणी होऊन माझ्याकडे बघत होती.

“किलोमीटर की वेळ, काका?”

“वेळ. विमानानं.”

“पाच-साडेपाच तास धरा,” मी म्हणालो. “पार रशियाच्या अंगाला आहे ते. मध्ये विमान बदलावं लागतं.”

“साडेपाच,” काका म्हणाले. त्यांनी घड्याळात बघितलं, बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं आणि जागेवरच थोडा वेळ उभे राहिले. “म्हणजे अर्ध्या तासानं हुकतं.”

“काय हुकतं?”

“काही नाही. चालू द्या तुमचं.”

टिळेकर हसले. “काका, आता हेलसिंकीला एस.टी. सोडताय की काय?”

मीही हसलो. काका वळले आणि जिन्यानं वर गेले. त्यांनी दाढी केली होती, कोट घातला होता आणि पायात सपाता नव्हे, बूट होते. नाश्त्याला खाली येताना ते रोज सपाता घालून येत. हे सगळं मला दिसलं होतं, आत्ताही दिसतं. पण तेवढ्यात फोनवर बसचा ड्रायव्हर आला, बॅग सापडली, आणि माझं लक्ष गेलं तिकडे.

सोळा वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि ठाण्याच्या एका टूर कंपनीत टूर मॅनेजर होतो. प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, नऊ दिवस. नोकरीला लागलो तेव्हा आमच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “कारखानीस, पॅसेंजरला काय वाट्टेल ते सांग, पण ‘माहीत नाही’ म्हणून सांगू नकोस. एकदा म्हणालास की संपलं, मग पुढचे आठ दिवस तो तुझं काही ऐकत नाही.” मला हे लगेच जमलं. पुलाला खांब किती, राजाला राण्या किती, चर्चची उंची किती, मी कुठेही अडलो नाही. आकडा पाठ असला तर तो, नसला तर तोंडाला येईल तो. आकडा ठणकावून सांगितला की माणसं समाधानानं मान डोलावतात आणि फोटो काढायला लागतात. कुणाचं काही बिघडत नाही, असं मला वाटायचं.

मोहोळकर काका मात्र आकडे लिहून घ्यायचे. कराडच्या एस.टी. स्टँडवर चाळीस वर्षं कंट्रोलर म्हणून काढलेली होती त्यांनी. चौकशीच्या खिडकीत बसून ‘चिपळूण नऊ वीस, फलाट चार’ असं सांगण्यात जन्म गेला. प्रागपासून बसमध्ये पुढच्या सीटवर बसून ते मला विचारत होते, इथनं बर्लिन किती, विमानाला किती, बसला किती. मी सांगायचो, ते खिशातली छोटी वही काढून लिहायचे. निम्मे आकडे मी रचलेले होते. गाडीतले लोक त्यांची थट्टा करायचे आणि ते ती मनावर घ्यायचे नाहीत. एकदा मी गमतीनं विचारलं, “काका, माझ्यावर एवढा विश्वास?” तर म्हणाले, “खिडकीत बसलेल्या माणसानं सांगितलं की ते धरून चालायचं असतं. माझ्या सांगण्यावर माणसं लग्नाला जायची, परीक्षेला जायची. उलटतपासणी कोण करतं?”

आदल्या दिवशी, प्रागहून व्हिएन्नाला येताना, काका झोपलेले बघून मोहोळकर काकू माझ्याशेजारच्या सीटवर येऊन बसल्या होत्या. बारीक चणीच्या, बोलताना पदर नीट करत राहायच्या. म्हणाल्या, “दादा, ह्यांचं मनावर घेऊ नका बरं का. सारखं विचारतात म्हणून वैतागत असाल.”

“छे हो काकू.”

“आमची शलाका तिकडं हेलसिंकीला असते. एकुलती एक. तिथल्याच मुलाशी लग्न केलं तिनं. चार वर्षं झाली, हे तिच्याशी अक्षर बोललेले नाहीत. मी बोलते, शेजारच्या घरी जाऊन.” त्यांनी मागे वळून काकांकडे बघितलं. “ही ट्रिप ह्यांनीच काढली. मला म्हणाले, युरोप बघू या. मी काय समजायचं ते समजले. सगळ्या गावांची अंतरं विचारतात बघा तुम्हाला, तेवढं एक गाव सोडून. ज्या दिवशी ते विचारतील ना, त्या दिवशी मी देवाला साखर ठेवीन.”

म्हणजे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. ज्या एका गावाचं नाव तो माणूस चार वर्षं तोंडातून काढत नव्हता, ते त्यानं सकाळी सात वाजता, कोट-बूट घालून, माझ्यासमोर उभं राहून काढलं, आणि मी वकिलाची बॅग शोधत होतो.

त्या दिवशी शोनब्रुनचा राजवाडा होता. चौदाशे एक्केचाळीस खोल्या, असं मी सांगितलं. तो आकडा खरा आहे. जेवणं झाली आणि दोन वाजता मी सगळ्यांना बागेत तासभर मोकळं सोडलं. लोक कारंज्याकडे पांगले. काका-काकू झाडाखालच्या एका बाकावर बसले होते, मध्ये हातभर अंतर ठेवून. काकूंच्या हातात कागदाचा एक चिटोरा होता आणि त्या तो उलगडत होत्या, घडी घालत होत्या.

“काकू, पाय दुखतायत का? कॉफी आणू?” मी विचारलं.

त्यांनी आधी काकांकडे बघितलं. काका समोरच्या वाफ्याकडे बघत राहिले.

“दादा, इथनं परदेशात एक फोन लावता येईल का?” काकू म्हणाल्या. “हा नंबर आहे. काल रात्री जेवताना हॉटेलात फोन आला नव्हता का मला? तो जावयांनी लावला होता, मग शलाकाच बोलली. शलाकाचं डोक्याचं ऑपरेशन आहे आज. डोक्यातली कसलीशी शीर फुगलीये म्हणे, फुटायला आलीये. त्यांच्या घड्याळात चारला आत नेणार आहेत. ती म्हणाली बाबांना विचार, येता का.”

मी चिटोरा हातात घेतला.

“ह्यांनी रात्रभर डोळ्याला डोळा लावला नाही,” काकू सांगत होत्या. “पहाटे उठून दाढी केली. म्हणाले, चल, जाऊ. मला तर काही सुचेना. पिशवी भरली मी. मग हे खाली जाऊन तुम्हाला विचारून आले. म्हणाले, साडेपाच तास लागतात. दहाचं विमान मिळालं तरी साडेतीन, तिकडं घड्याळ तासानं पुढं, म्हणजे साडेचार. अर्ध्या तासानं हुकतं. ती आत गेलेली असणार. मग कशाला सगळ्यांचा खोळंबा करायचा? संध्याकाळी फोनवर बोलू, शुद्धीवर आली की.”

“काका, मला सांगायचं ना,” मी म्हणालो. “सकाळी मला सांगायचं होतं हो.”

“विचारलं की तुम्हाला,” काका शांतपणे म्हणाले. “घरचं रडगाणं तुम्हाला कशाला? तुम्ही वेळ सांगितलीत. वेळेपुढं कुणाचं काय चालतं?”

मी बाजूला गेलो. व्हिएन्नात आमचं काम बघणारा आंद्रेआस नावाचा एक एजंट होता, त्याला फोन लावला. मनात देवाची करुणा भाकत होतो, की माझा आकडा खरा निघू दे. आयुष्यात मी एवढ्या मनापासून कधी काही मागितलं नसेल. म्हटलं, हेलसिंकीला जायचंय दोघांना, पुढचं विमान कधी, किती वेळ लागतो.

“थेट आहे,” तो म्हणाला. “रोज दोन. सकाळी दहा पंचवीस आणि संध्याकाळी सहा वीस. अडीच तास.”

“किती?”

“अडीच तास. चौदाशे-साडेचौदाशे किलोमीटर तर आहे. थांब, बघून सांगतो.” कीबोर्डचा आवाज आला. “आजचं संध्याकाळचं भरलंय. उद्या सकाळच्यात दोन जागा आहेत.”

“आणि आज सकाळचं? त्यात होत्या का?”

“आज सकाळचं गेलं की.”

“माहितीये गेलं. जागा होत्या का?”

मला वेड लागलंय असं त्याला वाटलं असणार. “होत्या. बऱ्याच होत्या. का?”

हॉटेलपासून विमानतळ पस्तीस मिनिटं. दहा पंचवीसला निघालं असतं ते विमान तिकडच्या एक पंचावन्नला उतरलं असतं. पावणेतीनला दोघं तिच्या खाटेपाशी उभी असती. सव्वा तास मिळाला असता. चार वर्षांचं जे काही साचलं होतं, ते सव्वा तासात बोलून झालं असतं. न बोलता नुसता हात धरून बसले असते, तरी झालं असतं. समोर टिळेकर वकील कारंज्याला पाठ करून बायकोकडून फोटो काढून घेत होते आणि मला हाक मारत होते, कारखानीस, इकडे या, ग्रुप फोटो.

मी बाकापाशी आलो. चिटोऱ्यावरचा नंबर लावला आणि फोन काकांच्या हातात दिला. पलीकडून कुणीतरी उचलला.

काका उभे राहिले. “हॅलो. आय फादर,” ते म्हणाले. “शलाका फादर. शलाकाला... गिव्ह शलाका.”

पलीकडचा माणूस बोलत राहिला. काका ऐकत राहिले, मान हलवत राहिले, आणि मग त्यांनी फोन माझ्याकडे दिला. “काय म्हणतोय बघा. मला कळेना.”

जावयाचं नाव युहानी. आवाज अगदी हळू, बसलेला. त्यानं सांगितलं की तिला वीस मिनिटांपूर्वीच आत नेलं. आधीचं ऑपरेशन लवकर संपलं म्हणून थोडं आधी नेलं. मग त्यानं विचारलं, तुम्ही कोण? मी सांगितलं. तो म्हणाला, “ती सकाळपासून दाराकडे बघत होती. मी तिला म्हणालो, अडीच तासांचा तर रस्ता आहे, येतील. आत जाताना तिनं मला सांगितलं, बाबा आले तर त्यांना चहा दे, प्रवासात ते काही खात नाहीत.”

दोघंही माझ्या तोंडाकडे बघत होती.

“आत्ताच आत नेलं तिला,” मी मराठीत सांगितलं. “ऑपरेशन पाच-सहा तास चालेल. काळजी करू नका म्हणतायत.”

“बराच वेळ बोलत होता की तो,” काका म्हणाले.

“डॉक्टर चांगले आहेत म्हणाले.”

पाच-सहा तास हा आकडासुद्धा माझाच. युहानीनं तास सांगितलेच नव्हते. जिभेला वळणच लागलं होतं तसं, मी काय करणार?

त्या दुपारी मी आंद्रेआसला अकरा वेळा फोन केला असेल. कुणी संध्याकाळचं तिकीट रद्द केलं का, दुसऱ्या गावावरून जाता येईल का, म्युनिकहून, बर्लिनहून, कुठूनही. कुठूनही गेलं तरी उद्या सकाळच्या आधी पोचता येत नव्हतं. तो शेवटी म्हणाला, “तू स्वतः उडून जाणार आहेस का? विमान नाही म्हणजे नाही.” मी ठाण्याला साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, “उद्याची तिकिटं काढून दे, कंपनी बघेल. आणि बाकीच्या ग्रुपचा कार्यक्रम बिघडता कामा नये.” म्हणून संध्याकाळी ठरल्याप्रमाणे मी तीस माणसांना डॅन्यूबवर बोटीत बसवलं. ती माणसं गाणी म्हणत होती. मी कठड्याला टेकून हातातल्या फोनकडे बघत होतो. हेलसिंकी त्या पाण्यापासून अडीच तासांवर होतं आणि मला तिथे बोटभरसुद्धा सरकता येत नव्हतं.

सव्वासातला युहानीचा फोन आला. तो फार काही बोललाच नाही. दोन वाक्यं बोलला आणि रडायला लागला. मग त्याच्या बाजूच्या कुठल्यातरी बाईनं फोन घेऊन मला नीट सांगितलं. ऑपरेशनच्या टेबलावरच गेली. एकतीस वर्षांची होती.

हॉटेलवर जाऊन मी दोघांना सांगितलं. कसं सांगितलं ते मला आठवत नाही, खरंच नाही. एवढंच आठवतं की काकू पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, सकाळी भरलेली पिशवी तशीच त्यांच्या पायाशी होती, आणि त्या रडल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या, “आपण गेलोच नाही हो.” आणि मग परत, “आपण गेलोच नाही.” काका खिडकीपाशी उभे होते.

दुसऱ्या दिवशी शुक्रवारी सकाळी मी त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. ग्रुपला दोन तास गाइडच्या हवाली केलं होतं. काकू तोंड धुवायला गेल्या तेव्हा मी काउंटरवरून बोर्डिंग कार्डं घेतली आणि तिकिटांसकट काकांच्या हातात दिली. तोवर तिकीट त्यांनी बघितलं नव्हतं, मीच माझ्याजवळ ठेवलं होतं. म्हटलं, जेवढं पुढे ढकलता येईल तेवढं ढकलावं.

काकांनी चष्मा लावला. चाळीस वर्षांची सवय, कागद हातात आला की नजर आधी वेळेवर जाते. सुटणार दहा पंचवीस. पोचणार एक पंचावन्न. त्यांनी वर बघितलं नाही. ओठ हलले थोडे. तासाचा फरक त्यांनी वजा केला असणार.

“अडीच,” ते म्हणाले.

“काका,” मी म्हणालो, “चूक माझी आहे. मला माहीत नव्हतं. मी उगाच काहीतरी सांगितलं. मी…”

ते मला बोल लावतील, शिव्या देतील, थोबाडीत देतील, याची मी वाट बघत होतो. खरं तर मला ते हवंच होतं. काका नुसते माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही. एखाद्या नव्या पोराला पहिल्या दिवशी चौकशीच्या खिडकीत बसवल्यावर बघावं, तसे बघत होते.

“सव्वा तास मिळाला असता,” ते म्हणाले. तिला आधीच नेल्याचं मी त्यांना सांगितलं नव्हतं, आणि चार धरून त्यांचाही हिशेब तोच आला होता.

तेवढ्यात काकू आल्या. त्यांनी काकांच्या हातातलं एक तिकीट घेतलं, ते लांब धरून वाचलं. त्या कराडला प्राथमिक शाळेत मास्तरीण होत्या, त्यांना घड्याळ आणि वजाबाकी कुणी शिकवायची गरज नव्हती.

“अहो,” त्या म्हणाल्या, “हे एक पंचावन्नला पोचतंय.”

काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

“तुम्ही साडेपाच तास म्हणाला होता ना? तिला तर चारला न्यायचं होतं.” त्या माझ्याकडे वळल्या. त्यांचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला होता. “दादा, हे विमान रोज असतं का हो?”

मी तोंड उघडलं. खरं काय ते सांगायचं, असं मी ठरवलं होतं, देवाशपथ ठरवलं होतं.

“रोज नसतं,” काका म्हणाले. “हे थेट आहे, शुक्रवारचं. रोजचं बदलून जातं. ते साडेपाच तासांचं.”

काका स्पष्ट बोलले होते, खणखणीत, खिडकीतून सांगावं तसे. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं, पण त्यांची नजर ठरली नाही. ती परत माझ्यावर आली. “होय का, दादा?”

काका बायकोच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होते. हात जोडले नव्हते त्यांनी, एवढंच.

“हो काकू,” मी म्हणालो. “शुक्रवारचंच आहे हे. काल नव्हतं.”

“खरं?”

“अगदी खरं. मी स्वतः चौकशी केली.”

काकूंनी तिकीट पर्समध्ये ठेवलं, चेन लावली. “मग आपल्या हातात नव्हतंच काही,” त्या म्हणाल्या. “काल निघालो असतो तरी पोचलोच नसतो.”

“नसतोच पोचलो,” काका म्हणाले.

काकूंनी मान हलवली. मग तिथेच, एवढ्या माणसांत, त्या खाली बसल्या, आणि आदल्या संध्याकाळपासून पहिल्यांदा मोठ्यानं रडल्या.